बिल्डर नको, पण मग कर्ज कुणाच्या डोक्यावर?

पत्र थोडक्यात: मुलुंड पूर्वेकडच्या एका सहकारी सोसायटीच्या चिटणीस बाईंचं हे पत्र आहे. तळमजला अधिक तीन मजले, दोन विंग, लिफ्ट नाही, 28 घरं, सरासरी 400 चौरस फूट कार्पेट. प्लॉट साधारण हजार चौरस मीटरचा. 1974 साली बँकेतले कारकून, शिक्षक आणि रेल्वेतल्या नोकरदारांनी वर्गणी काढून जमीन घेतली, वित्त संस्थेचं कर्ज उभारलं आणि इमारत बांधली. त्या वेळचे पहिले चिटणीस म्हणजे पत्रलेखिकेचे सासरे. आता एका बिल्डरने 25 टक्के जास्त जागा, प्रत्येकी 5 लाख कॉर्पस (एकरकमी निधी) आणि भाडं असा प्रस्ताव दिला असून महिनाअखेर उत्तर मागितलं आहे. सोसायटीतली तरुण मंडळी स्वयंपुनर्विकासाच्या, म्हणजे बिल्डर न घेता सोसायटीनेच इमारत नव्याने बांधण्याच्या, बाजूची आहेत. त्यांच्या ओळखीच्या आर्किटेक्टने 45 टक्के वाढीव जागेचा आकडा दाखवला आहे. 9 घरांत निवृत्त माणसं राहतात. तीन कुटुंबांनी खाजगीत सांगितलंय की आमच्याकडून एक रुपयाही निघणार नाही. सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "माझ्या हयातीत चावी मिळेल का?" आणि त्यावर कुणालाच उत्तर सुचलं नाही. सासरे म्हणतात, म्हातारपणी कर्ज नको, बिल्डर येऊ दे. घरात त्यावरून अबोला आहे. बाई विचारतात: "जास्त जागेच्या मोहाने मी या माणसांना कर्जात ढकलते आहे का? की बिल्डरला होकार देऊन मोकळं व्हावं?"

ताई, नमस्कार.

तुम्ही पत्रात लिहिलंय, "आम्ही नोकरदार माणसं, बांधकाम हा आमचा प्रांत नाही." आणि त्याच पत्राच्या सुरुवातीला सांगितलंय की ही इमारत सभासदांनीच उभी केली. मग 1974 साली बांधकाम कुणाचा प्रांत होता? कारकून आणि मास्तरच होते ना ते? मुंबईत हे नवंही नाही. गावदेवीतली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था 1915 सालची आहे. आधी माणसं एकत्र आली, मग जमीन, मग घर, असा तो क्रम होता. बिल्डरने इमारत बांधून फ्लॅट विकायचे आणि मग राहायला आलेल्यांची सोसायटी करायची, ही पद्धत पुढे रुळली. तिच्यातल्या फसवणुकीला आळा घालण्यासाठी सरकारला 1963 चा मोफा कायदा आणावा लागला.

हे तुमची पाठ थोपटायला सांगत नाही. याचा रोख फायदा आहे. जमीन सोसायटीने स्वतः विकत घेतली असेल तर खरेदीखत सोसायटीच्या नावावर असणार. मुंबईतल्या कित्येक सोसायट्या याच पायरीवर वर्षानुवर्षं अडकतात. इमारत त्यांची, जमीन अजून मूळ मालकाची किंवा बिल्डरची. मग मोफाच्या कलम 11 खाली जिल्हा उपनिबंधकांकडे जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्यासाठी मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज, म्हणजे आपण ज्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतो तो, आणि त्याच्या खेपा. हे सदर वाचणाऱ्या बहुतेकांची गत हीच असेल. त्यांनी एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल याच्या, गप्पा थांबवून आधी तो अर्ज करावा. तुम्ही मात्र मालमत्ता पत्रकाचा ताजा उतारा काढा आणि त्यावर 1974 च्या कर्जाचा बोजा अजून दिसतो का, ते पाहा. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बोजा उतरवायचं राहून जातं आणि नवी बँक तिथेच बोट ठेवते. कर्जफेडीचा दाखला तुमच्या सासऱ्यांच्या कपाटात असण्याची शक्यता दाट आहे. मागा त्यांच्याकडे. अबोल्यावरही त्याचा उपयोग होईल, पण मुळात कागद हवा आहे.

आता कर्जाबद्दल. तुमच्या सगळ्या चिंतेच्या मुळाशी एक गृहीतक आहे: स्वयंपुनर्विकासात कर्ज आहे, बिल्डरच्या वाटेत नाही. हे तपासून बघू.

बिल्डर तुमची इमारत स्वतःच्या खिशातून बांधत नाही. तोही कर्ज काढतो, आणि बहुतेक वेळा तारण ठेवतो ते त्याच्या वाट्याला येणारे विक्रीचे फ्लॅट, जे तुमच्या जमिनीवर उभे राहणार असतात. त्याचे फ्लॅट विकले गेले नाहीत, दुसऱ्या प्रकल्पात त्याचे पैसे अडकले, भागीदारांत भांडणं झाली, की पहिलं बंद होतं ते तुमचं भाडं. गोरेगावच्या सिद्धार्थनगरातल्या, म्हणजे पत्राचाळीतल्या 672 कुटुंबांचा पुनर्विकासाचा करार 2008 सालचा. घरं रिकामी झाली आणि प्रकल्प रखडला. 2018 मध्ये म्हाडाला तो ताब्यात घ्यावा लागला. त्या रहिवाशांनी एक पैशाचं कर्ज काढलं नव्हतं, तरी जोखीम त्यांच्याच अंगावर आली. फरक एवढाच की हिशेबाची वही त्यांना कधी दिसली नाही.

तेव्हा जोखीम दोन्हीकडे आहे. एका वाटेवर ती तुमच्या ताळेबंदात लिहिलेली असते, दुसऱ्या वाटेवर दुसऱ्याच्या. बिल्डर घ्यायचाच नाही असं मी म्हणत नाही. ज्या सोसायटीत तीन वर्षं ऑडिट झालेलं नाही, सभेला आठ माणसं जमत नाहीत आणि दोन गटांत कोर्टकचेरी चालू आहे, तिने स्वयंपुनर्विकासाच्या फंदात पडू नये, असंच मी सांगेन. तिथे चांगला बिल्डर आणि कडक करारनामा बरा. तुमची सोसायटी कोणत्या जातीची, ते तुम्हालाच ठाऊक.

कर्ज कुणाच्या नावावर, हाही प्रश्न आहे. स्वयंपुनर्विकासात कर्ज सोसायटी काढते, सभासद वैयक्तिक काढत नाहीत. तारण असते जमीन आणि विक्रीचा हिस्सा. परतफेड वाढीव फ्लॅट विकून. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने अशा कर्जांची सुरुवात करून दिली. 2022 साली रिझर्व्ह बँकेने राज्य आणि जिल्हा सहकारी बँकांना निवासी बांधकाम प्रकल्पांसाठी कर्ज द्यायला मुभा दिली, पण एकूण मालमत्तेच्या 5 टक्क्यांपर्यंतच. म्हणजे या बँकांचा हात मोकळा आहे, अमर्याद नाही. तुमच्या आधी रांगेत किती सोसायट्या आहेत, हे शाखेत जाऊन विचारा. मंजुरीपत्र आलं की त्यातलं एक कलम भिंगातून वाचा: सभासदांची वैयक्तिक हमी मागितली आहे का? असेल तर ती काढून घेण्यासाठी वाटाघाट करा. नाहीच निघाली, तर ही गोष्ट आजींना आणि त्या तीन कुटुंबांना सहीच्या आधी मराठीत समजावून सांगणं तुमचं कर्तव्य आहे.

राज्य सरकारने 13 सप्टेंबर 2019 च्या निर्णयात स्वयंपुनर्विकासाला 10 टक्के जादा एफएसआय, व्याजात सवलत, एक खिडकी अशा बऱ्याच गोष्टी जाहीर केल्या. ऐकायला छान वाटतं. माझा सल्ला असा की लेखी मंजुरी हातात पडेपर्यंत यातला एकही रुपया हिशेबात धरू नका. मिळालं तर वरकड.

आता तो 45 टक्क्यांचा आकडा. आर्किटेक्टने तो कागदाच्या एका बाजूवर मांडला असणार. मला दुसरी बाजू बघायची आहे. जागा किती मिळणार हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. मुंबईच्या विकास नियमावली 2034 प्रमाणे उपनगरात रस्ता 9 ते 12 मीटरचा असेल तर मूळ 1, प्रीमियम (शुल्क) भरून 0.5 आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीचा विकत घेतलेला बांधकाम हक्क, 0.5 असा 2 एफएसआय. 12 ते 18 मीटर असेल तर टीडीआर 0.7 आणि एकूण 2.2. शिवाय त्यावर 35 टक्के फंजिबल, म्हणजे जादा बांधकाम. सोसायट्यांच्या पुनर्विकासाला याच नियमावलीच्या 33(7)(ब) खाली आणखी थोडं प्रोत्साहन आहे: असलेल्या बांधकामाच्या 15 टक्के किंवा घरामागे 10 चौरस मीटर, जे जास्त असेल ते, प्रीमियमशिवाय. रस्ता 11.8 मीटर की 12.2, यावर तुमच्या प्लॉटवर 200 चौरस मीटरचा फरक पडतो, तोही फंजिबल न धरता. टेप घेऊन मोजू नका. पालिकेचा रस्तारेषेचा अधिकृत शेरा मागवा.

मग खर्च. मी तुमच्यासारख्या सोसायटीचं एक काल्पनिक गणित मांडते. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुमचे वेगळे येतील. सभासदांना 400 ऐवजी 580 फूट दिल्यावर विकायला 10,000 चौरस फूट कार्पेट उरलं असं धरू. 30,000 रुपये दराने 30 कोटी. खर्चात बांधकाम 15 कोटी, प्रीमियम, टीडीआर आणि पालिकेचे आकार 6 कोटी, 28 घरांना दरमहा 35,000 प्रमाणे तीन वर्षांचं भाडं साधारण साडेतीन कोटी, व्याज अडीच कोटी, सल्लागार आणि इतर 1 कोटी. एकूण 28. दोन कोटी शिल्लक. सभेत हा तक्ता पडद्यावर आला की टाळ्या पडतात.

आता विक्रीचा दर 15 टक्क्यांनी उतरवा. 30 चे साडेपंचवीस कोटी झाले. अडीच कोटींची तूट, म्हणजे घरामागे जवळपास 9 लाख. काम एक वर्ष लांबलं तर भाड्याचेच आणखी 1 कोटी 18 लाख, व्याज वेगळं. तुमची ती तीन कुटुंबं हे 9 लाख कुठून आणणार? सभेत हा तक्ता कुणी लावला होता का? नसेल तर 45 टक्के हा आकडा अजून कच्चा आहे.

पण याच गणितात उत्तरही दडलेलं आहे. प्रत्येकाने 580 ऐवजी 540 फूट घ्यायचं ठरवलं तर 28 घरांचे 40 फूट मिळून 1,120 फूट जास्त विकता येतात. उतरलेल्या दरानेसुद्धा त्याचे 2 कोटी 85 लाख होतात आणि तूट भरून निघते. चाळीस फूट म्हणजे एक बरं न्हाणीघर. मंदी आली नाही तर तो पैसा सोसायटीच्या निधीत राहील. अधिकाधिक जागेवरून पैज लावणारे गट मी बरेच पाहिलेत. थोडं कमी घेऊन झोप शांत लागू द्या म्हणणारा सभासद सहसा मागच्या खुर्चीवर गप्प बसलेला असतो. त्याला बोलतं करा.

आणखी एक शक्यता आहे, आणि ती तुमच्या पेन्शनरांसाठी मला जास्त आवडते. मुंबई पालिकेने 2022 पासून 500 चौरस फूट कार्पेटपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर माफ केला आहे. 580 फुटांच्या घराला तो लागेल. देखभाल खर्चही बहुतेक ठिकाणी वाढतोच: लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, सुरक्षारक्षक, यांत्रिक पार्किंग. आज जो माणूस महिन्याला दोनेक हजार भरतो त्याला सात-आठ हजार भरावे लागले, तर वाढीव जागा त्याच्यासाठी बक्षीस नाही, दंड आहे. बरेच म्हातारे जीव नव्या टॉवरमध्ये दोन वर्षं काढतात आणि मग फ्लॅट विकून बदलापूरला किंवा गावी जातात. याला मी न्याय्य पुनर्विकास म्हणणार नाही, कागदोपत्री कितीही चोख असो. म्हणून सभासदांना निवड द्या. हवं त्याने 500 फुटांचं घर घ्यावं आणि सोडलेल्या 80 फुटांची किंमत, वरच्या दराने 24 लाख, त्याच्या नावे ठेवावी; तिच्या व्याजातून देखभाल भागेल. तुमच्याकडे पैसे नसलेल्या कुटुंबांनाही हीच वाट खुली राहते. पैसे कधी आणि कसे द्यायचे, त्यावर कर किती, हे सीएकडून लिहून घ्या. आर्किटेक्टला मात्र हे नकाशा काढण्याआधी सांगावं लागेल, नंतर नाही.

वाढीव जागा टक्क्यांनी वाटायची की घरामागे सारखी, यावरही तुमच्याकडे भांडण होईल असा माझा अंदाज आहे. 450 फूटवाला म्हणेल टक्के, 330 फूटवाला म्हणेल सारखी. मला विचाराल तर एक हिस्सा सारखा आणि उरलेला टक्क्यांनी, ही तडजोड टिकते. प्रोत्साहन एफएसआयचा एक हिशेब सरकारच घरामागे करतं, तेव्हा लहान घरवाल्याचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही.

आता आजी. "माझ्या हयातीत चावी मिळेल का?" याला खरं उत्तर कुणी देऊ शकत नाही आणि खोटं देऊ नये. पण त्या प्रश्नाला करारात जागा देता येते. भाडं "36 महिने" असं लिहू नका. "भोगवटा प्रमाणपत्र मिळून ताबा देईपर्यंत" असं लिहा. पहिल्या वर्षाचं भाडं इमारत रिकामी करण्याआधी खात्यात जमा असलं पाहिजे. वयस्कर सभासदांसाठी त्याच भागात, डॉक्टरपासून जवळ, तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या इमारतीत घर शोधून देण्याची जबाबदारी दोन तरुणांवर नावानिशी टाका. इस्टेट एजंट एकट्या म्हातारीला घर दाखवायला नाखूष असतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. आणि आजींच्या घरी बसून त्यांचं नामांकन आणि मृत्युपत्र नीट आहे का, ते बघा. नामांकन म्हणजे वारसा नव्हे. वारसांचा वाद मधल्या काळात उपटला तर त्यांचा फ्लॅट चावी तयार असूनही कुलूपबंद राहतो.

जिन्याखाली राहणाऱ्या वॉचमनच्या कुटुंबाचा तुमच्या पत्रात एका ओळीत उल्लेख आहे. त्यांचा कायद्याने हक्क निघत नाही, हे खरं. तरी अंदाजपत्रकात त्यांच्या तीन वर्षांच्या खोलीभाड्याची ओळ असावी, असं मला वाटतं. एवढ्या कोटींत ती दिसणारही नाही.

पैसे नसलेली माणसं घर कशी उभारतात, याचं मोठं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सोलापूरजवळ कुंभारी इथे विडी कामगार बायकांनी सहकारी संस्था करून 10,000 घरांची गोदुताई परुळेकर वसाहत उभी केली; 2006 मध्ये घरांच्या चाव्या मिळाल्या. तिथेच पुढे रे नगरचा 30,000 घरांचा प्रकल्प आला आणि जानेवारी 2024 मध्ये पहिल्या 15,000 घरांचं वाटप झालं. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईला कुणी बँक घरासाठी उभी करत नाही. तिथे कामगार, राज्य आणि केंद्र अशा तिघांचे वाटे होते आणि मागे लढाऊ संघटना होती. तुमच्याकडे सरकारचा असा वाटा नाही. त्याच्या जागी तुमचे विक्रीचे फ्लॅट आहेत. मुलुंडच्या जमिनीचा भाव हेच तुमचं अनुदान. म्हणूनच ते जपून खर्चायचं. (स्वयंपुनर्विकासाने मुंबईतली घरं स्वस्त होतात, असं कुणी व्यासपीठावरून म्हणालं तर मान डोलावू नका. तुमचे दहा-बारा नवे फ्लॅट बाजारभावानेच जाणार. जे इथे राहतात त्यांना इथेच राहता येतं, एवढाच त्याचा लाभ आहे, आणि तो कमी नाही.)

कामाच्या पद्धतीबद्दल थोडं. पुनर्विकासाला सहकार कायद्याच्या कलम 79अ खालच्या 4 जुलै 2019 च्या मार्गदर्शक सूचना लागू आहेत. त्याप्रमाणे विशेष सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती हवी, म्हणजे 28 पैकी 19, आणि एकूण सभासदांच्या 51 टक्क्यांची लेखी संमती, म्हणजे 15. कायद्याला 15 पुरतात. तुम्हाला पुरू नयेत. अल्पमतातले सभासद बहुमताचा निर्णय अडवू शकत नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाने वेळोवेळी म्हटलं आहे. पण 13 नाराज घरं घेऊन तीन वर्षं कर्ज चालवणं वेगळं. 22-23 पर्यंत जा. विरोध करणाऱ्यांना "आडमुठे" म्हणू नका, तुमच्या पत्रात तो शब्द दोनदा आलाय. त्यांना त्यांच्या शंका लिहून द्यायला सांगा आणि सल्लागाराकडून प्रत्येक शंकेचं लेखी उत्तर घ्या. निम्म्या शंका रास्त निघतील.

सल्लागार नेमताना आर्किटेक्ट तरुण मंडळींच्या ओळखीचा आहे, हे मला खटकलं. तो प्रामाणिक असेलही. तरी तीन प्रस्ताव मागवा. समितीतल्या कुणाचा नातेवाईक ठेकेदार किंवा पुरवठादार असू नये, हा ठराव पहिल्याच सभेत करा. प्रकल्पाचं खातं वेगळं ठेवा, तीन सह्यांचं, आणि दर महिन्याचा जमाखर्च फलकावर लावा. बाहेरच्यांना फ्लॅट विकायचे म्हणजे सोसायटी महारेराकडे, म्हणजे घरबांधणी व्यवहारांच्या राज्य नियामकाकडे, प्रवर्तक म्हणून नोंदली जाईल. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतील. नव्या ग्राहकाला रेराचं कवच आहे. जुन्या सभासदाचं कवच म्हणजे त्याचा नोंदणीकृत करारनामा, तेव्हा तो प्रत्येकाच्या हातात हवा.

तुम्ही स्वतः चिटणीसही आहात आणि एका बाजूच्या कैवारीही. दोन्ही टोप्या एकत्र घालू नका. सभेची नोटीस, इतिवृत्त, मतमोजणी तुम्ही सांभाळा. स्वयंपुनर्विकासाची बाजू दुसऱ्या कुणाला मांडू द्या. तसं केलंत तर सासऱ्यांशीही सून म्हणून बोलता येईल. त्यांचा विरोध मला भित्रेपणाचा वाटत नाही. त्यांनी एकदा सोसायटीचं कर्ज फेडलंय, हप्ता चुकवणाऱ्या सभासदाच्या दारात उभं राहण्याची पाळी त्यांच्यावर आली असणार. तूट आली तर काय, हप्ता थकला तर काय, हे त्यांनाच विचारा आणि त्यांची उत्तरं नियमांत घाला. ते 45 टक्क्यांच्या तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी ठरेल.

मधलीही एक वाट आहे: जमीन आणि निर्णय सोसायटीचे, आणि ठरावीक मोबदल्यावर काम उभं करून देणारा विकास व्यवस्थापक. त्याला फ्लॅटमध्ये वाटा द्यायचा नाही, फी द्यायची, आणि तीही टप्प्याटप्प्याने. तुमच्याकडे रोज साईटवर जाऊ शकणारं निवृत्त अभियंत्याच्या तोडीचं कुणी नसेल तर या पर्यायाची किंमत जरूर काढा.

राहिली घाई. तीस वर्षांवरच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण पालिकेला हवंच असतं; तुमचं शेवटचं कधी झालं, ते पत्रात नाही. इमारत सी-1, म्हणजे अतिधोकादायक, निघाली तर गोष्ट वेगळी. पण सी-2 किंवा सी-3, म्हणजे दुरुस्तीजोग्या, वर्गात बसली तर दुरुस्ती करून काही वर्षं शांतपणे काढता येतात आणि तेवढ्या काळात कागद, माणसं आणि निधी जुळवता येतो. महिनाअखेरची मुदत बिल्डरची आहे. तिला कायद्यात काही वजन नाही. त्याला दोन ओळींचं पत्र द्या: परीक्षण अहवाल आणि व्यवहार्यता अहवाल आल्याशिवाय सर्वसाधारण सभा कोणताही प्रस्ताव विचारात घेणार नाही, आणि निविदा निघेल तेव्हा आपणही भरावी, 79अ च्या सूचनांत सांगितलेली प्रकल्प खर्चाच्या 20 टक्क्यांची बँक हमी द्यायची तयारी आहे का, तेही कळवावं. या पत्राची पोच घ्या. उत्तर काय येतं, किंवा येतच नाही, ते पुढच्या सभेत वाचून दाखवा.